तीन डोस होऊनही पार्वो का झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांच्या आतड्याला धरणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. लॅब्राडॉरचं पिल्लू पस्तिसाव्या दिवशी घरी आलं. ब्रीडरने त्याच दिवशी पहिली लस टोचून दिली. दुसरी ५६ व्या दिवशी आणि तिसरी ७७ व्या दिवशी, दोन्ही दवाखान्यात. कार्डावर स्टिकर, तारखा, सह्या सगळं आहे. तिसऱ्या डोसनंतर ‘कोर्स पूर्ण झाला, आता फिरवायला हरकत नाही’ असं सांगितलं गेलं. ९४ व्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ती हगवण, आणि पाच दिवसांनी पिल्लू गेलं. याला आता दहा दिवस झाले. एकाने सांगितलं की पार्वोचा नवा स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, आलाय, त्यावर लस चालत नाही. दुसऱ्याने सांगितलं की लस बोगस होती. त्याच वेतातला भाऊ तुमच्या मित्राकडे आहे, त्याला तेच डोस त्याच तारखांना मिळाले आणि तो ठणठणीत आहे. घरातली चार वर्षांची देशी कुत्रीही धडधाकट आहे. मग चूक कुणाची, आणि नवीन पिल्लू कधी आणायचं?

बाकी सगळं नंतर. आधी मित्राला फोन करा. त्याच्या पिल्लाला या तीन-चार दिवसांत सोळा आठवडे पूर्ण होतील. तो ठणठणीत आहे याचा अर्थ त्याला लस लागू पडली असा होत नाही. कदाचित त्याची विषाणूशी अजून गाठच पडली नसेल. सोळा आठवडे झाले की त्याला पार्वोचा आणखी एक डोस द्यायलाच हवा, कार्डावर ‘कोर्स पूर्ण’ लिहिलेलं असलं तरी. आणि तोवर तुमच्या घरातल्या कुणीही त्याला भेटायला जाऊ नका. चपला, कपडे, हात, सगळ्यांवरून हा विषाणू प्रवास करतो.

आता तुमच्या पिल्लाकडे येतो. मी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि तुम्ही दिलेल्या तारखा वाचल्यावर मला नव्या स्ट्रेनचाही संशय आला नाही आणि बोगस लसीचाही. मला पहिल्यांदा आठवला तो आईचा चीक.

गाईच्या चिकाचा खरवस आपण खातो, पण वासराला तो चीक का पाजायलाच हवा हे शेतकऱ्याला पक्कं माहीत असतं. कुत्रीचंही तसंच आहे. पिल्लाला आईकडून मिळणाऱ्या अँटीबॉडींपैकी जेमतेम दहा टक्के पोटात असताना वारेतून येतात. उरलेल्या सगळ्या जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत, चिकातून. त्यानंतर आतड्याचं ते दार बंद होतं. या उसन्या अँटीबॉडी पिल्लाला पहिले काही आठवडे पार्वोपासून वाचवतात. पण पार्वोची लस म्हणजे जिवंत, फक्त दुबळा केलेला विषाणूच असतो. आईच्या अँटीबॉडी खरा विषाणू आणि लसीतला विषाणू यात फरक करत नाहीत. लस टोचली की त्या तिलाही गाठून निकामी करतात. पिल्लाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला काही कळायच्या आत लस संपलेली असते.

या उसन्या अँटीबॉडी साधारण दर दहा दिवसांनी निम्म्या होतात. रक्तातलं त्यांचं प्रमाण आपण टायटरमध्ये मोजतो; १:८० मधला दुसरा आकडा जितका मोठा, तितक्या अँटीबॉडी जास्त. ढोबळ हिशेब असा धरा: टायटर १:८० च्या वर असेल तोवर पिल्लू खऱ्या आजारापासून सुरक्षित. पण लसीला अडवायला इतकं प्रमाण लागत नाही, १:२० च्या आसपासही पुरतं. म्हणजे ८० च्या खाली आल्यापासून २० च्या खाली जाईपर्यंत मधे एक अशी फट राहते की आईचं कवच खऱ्या विषाणूला थोपवत नाही, पण लसीला मात्र थोपवतं. ऐंशीचे चाळीस, चाळीसचे वीस. दोन वेळा निम्मं व्हायला वीस दिवस. हे दोन-तीन आठवडे पिल्लू पूर्णपणे उघड्यावर असतं, आणि आपण कितीही डोस दिले तरी ती फट बुजवता येत नाही.

आता तुमच्या तारखा या हिशेबात घालून बघू. समजा आईची प्रतिकारशक्ती उत्तम होती आणि पिल्लाने चीक भरपूर प्यायला. पहिल्या दिवशी त्याचं टायटर १:५१२० धरू. तिसाव्या दिवशी ते ६४० होईल, चाळिसाव्या दिवशी ३२०. पस्तिसाव्या दिवशी टोचलेली लस म्हणजे भिंतीवर फेकलेला चेंडू. पन्नासाव्या दिवशी १६०, साठाव्या दिवशी ८०. म्हणून ५६ व्या दिवशीचा डोसही वाया. सत्तराव्या दिवशी ४०, ऐंशीव्या दिवशी २०. म्हणजे ७७ व्या दिवशी, तिसऱ्या डोसच्या वेळी, पंचविसाच्या आसपास. थोडक्यात हुकलं, पण हुकलं. साठाव्या दिवसापासून पिल्लाला आजाराचा धोका होता आणि सत्त्याहत्तराव्या दिवशीही लस लागू पडली नाही. त्यानंतर कवच संपलं आणि चौथा डोस ठरलेलाच नव्हता. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. ९४ मधून तेवढे दिवस वजा करा. फिरवायला परवानगी मिळाल्यानंतरचेच ते दिवस आहेत.

या पिल्लाचं टायटर कुणी मोजलं नव्हतं, त्यामुळे ५१२० हा आकडा मी समजावण्यासाठी घेतलाय. पण असे आकडे चांगल्या लसीकरण झालेल्या आयांच्या पिल्लांत सर्रास दिसतात. मालकांना यातली एक गोष्ट पटायला फार जड जाते: आई जितकी निरोगी, तिचं लसीकरण जितकं चोख, तितकी तिच्या पिल्लांच्या लसी जास्त उशिरा लागू पडतात. ब्रीडरने ‘आईला मेटिंगच्या आधी बूस्टर दिलाय’ असं अभिमानाने सांगितलं, तर ती चांगलीच गोष्ट आहे, पण मी ते ऐकून पिल्लाचा शेवटचा डोस आणखी काळजीने ठरवतो.

भावाचं कोडंही इथेच सुटतं. एका वेतात आठ पिल्लं असली तर आठही जणांना सारखा चीक मिळत नाही. जो आधी जन्मला, ज्याने दणकट पिल्लासारखं थान पकडलं, त्याला जास्त. मागून आलेल्या किरकोळ पिल्लाला कमी. समजा भावाचं टायटर १:१२८० होतं. चाळिसाव्या दिवशीच ते ८० वर आलं, साठाव्या दिवशी २० वर, सत्तराव्या दिवशी १०. त्याला ७७ व्या दिवसाची लस स्वच्छ लागू पडली असेल. जो कमी प्यायला तो लसीने वाचला, आणि जो पोटभर प्यायला त्याला लस पोचलीच नाही. हे अन्यायाचं वाटतं, पण असंच घडतं. अर्थात भावाचा आकडाही मी गृहीतच धरलाय, म्हणून तो फोन करायला वर सांगितलं.

यातून एक गैरसमज दूर व्हायला हवा. पिल्लाला आपण तीन-चार डोस देतो ते ‘एकावर एक थर चढवण्यासाठी’ नाही. पार्वोची जिवंत लस योग्य वेळी, आईच्या अँटीबॉडी संपल्यावर टोचली गेली तर एकच डोस पुरतो. अडचण इतकीच की कुठल्या पिल्लाची ती योग्य वेळ कुठली हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. कुणाची सहाव्या आठवड्यात येते, कुणाची चौदाव्या. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा दार ठोठावायचं, कधीतरी उघडेल म्हणून. डोस किती झाले याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. शेवटचा डोस कितव्या आठवड्यात झाला, हे मी कार्ड हातात घेतल्यावर पहिल्यांदा बघतो. तीन डोस अकराव्या आठवड्याला संपलेलं पिल्लू आणि दोनच डोस झालेलं पण दुसरा सोळाव्या आठवड्यात मिळालेलं पिल्लू यांत मला दुसऱ्याची काळजी कमी वाटते.

वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन ही पशुवैद्यकांची जागतिक संघटना यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढते, २०२४ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. त्यात सांगितलंय: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. त्याच्याही पुढे, २६ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक. हा सहा महिन्यांचा डोस आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून दिलाच जात नाही, वर्षाच्या बूस्टरपर्यंत थांबतात. पण सोळा आठवड्यांनाही ज्या थोड्या पिल्लांच्या अंगात आईच्या अँटीबॉडी शिल्लक असतात, ती पिल्लं मग पुढचे कित्येक महिने कवचाशिवाय फिरतात. हाच डोस सहाव्या महिन्यात दिला की ही जोखीम बरीच कमी होते.

मग इतके दवाखाने दहा-बारा आठवड्यांना कोर्स का संपवतात? काही लसींच्या माहितीपत्रकावर शेवटचा डोस १० किंवा १२ आठवड्यांना दिला तरी चालेल असं छापलेलं असतं. लवकर कोर्स संपला की पिल्लाला लवकर बाहेर नेता येतं, ही मालकांचीही घाई असते. मी स्वतः प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं बाराव्या आठवड्याला कार्डावर ‘पूर्ण’ लिहीत होतो. एका निवृत्त मास्तरांच्या जर्मन शेफर्डने माझी ही सवय मोडली. सगळे डोस माझ्याच हातचे, लस माझ्याच फ्रिजमधली, आणि चौदाव्या आठवड्यात पिल्लू पार्वोने माझ्याच टेबलवर. ते वाचलं, पण त्या सहा दिवसांत मास्तर रोज सलाईनच्या बाटलीकडे बघत तासन्‌तास बसायचे आणि ‘आपण तर सगळं वेळेवर केलं ना?’ एवढंच विचारायचे. तेव्हापासून माझ्याकडे सोळा आठवड्यांच्या आत कुणाचंच कार्ड पूर्ण होत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांवर मी बोट ठेवणार नाही, पण शेवटची तारीख लवकर होती हे मात्र सांगायलाच हवं.

आता स्ट्रेनबद्दल. हा विषय लोकांना फार भीती घालतो, म्हणून नीट सांगतो.

कुत्र्यांचा पार्वो हा तसा अलीकडचा विषाणू आहे. १९७८ मध्ये तो अचानक जगभर दिसला आणि काही महिन्यांत खंडामागून खंड ओलांडत गेला. मांजरांना होणाऱ्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूचा, किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावंडाचा, तो बदललेला अवतार. १९६७ मध्ये कुत्र्यांत एक वेगळाच, किरकोळ पार्वोविषाणू सापडला होता, म्हणून या नव्याला ‘टाइप २’ म्हणायचं ठरलं. त्या वेळी जगातल्या एकाही कुत्र्याकडे प्रतिकारशक्ती नव्हती. आयांकडेच अँटीबॉडी नसल्याने अगदी तान्ह्या पिल्लांच्या हृदयाला तो धरायचा आणि दूध पिता पिता पिल्लं मरायची. आज हृदयाचा पार्वो क्वचितच दिसतो, तो याच चिकाच्या कृपेने. भारतात हा आजार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवला गेला.

मूळ टाइप २ फार काळ टिकला नाही. १९८० च्या आसपास २ए आला आणि त्याने मूळ विषाणूला जवळजवळ हुसकून लावलं. १९८४ मध्ये २बी ओळखला गेला, २००० मध्ये इटलीत २सी. ही ए, बी, सी नावं ऐकून वाटतं की तीन वेगवेगळे आजार आहेत. प्रत्यक्षात विषाणूच्या कवचातल्या व्हीपी२ नावाच्या प्रथिनात ४२६ व्या जागेवर कुठलं अमिनो आम्ल बसलंय, एवढ्यावर ही अक्षरं ठरतात. अस्पॅराजिन असेल तर २ए, अस्पार्टिक आम्ल असेल तर २बी, ग्लुटामिक आम्ल असेल तर २सी. या प्रथिनात ५८४ जागा आहेत, त्यातल्या एका जागेचा हा फरक. भारतात हे तिन्ही प्रकार सापडलेले आहेत, आणि गेल्या काही वर्षांत आशियात २सीची एक शाखा बरीच पसरली आहे.

आपल्याकडच्या लसींमध्ये काही मूळ टाइप २ पासून बनवलेल्या आहेत, काही २बीपासून. मग २सी आला तर या लसी चालतात का? याची तपासणी थेट झालेली आहे. लस दिलेल्या कुत्र्यांना मुद्दाम २सीची लागण करून बघितलं गेलं आणि ते आजारापासून वाचले. त्यांच्या अँटीबॉडी ज्या प्रकाराची लस दिली त्याच्याविरुद्ध जास्त जोरकस असतात, दुसऱ्या प्रकाराविरुद्ध काहीशा कमी, हे खरं आहे. लसीकरण झालेल्या मोठ्या कुत्र्यांत २सीची लागण झाल्याचे अहवाल इटलीतून आलेले आहेत, हेही मी लपवणार नाही. त्यामुळे स्ट्रेनचा प्रश्न अगदीच निरर्थक आहे असं माझं म्हणणं नाही, आणि संशोधकांनी त्यावर नजर ठेवायलाच हवी. पण माझ्या टेबलवर येणारी ‘लस झालेली’ पार्वोची पिल्लं जवळजवळ सगळी दोन ते चार महिन्यांची असतात. लस जर नव्या स्ट्रेनपुढे हरत असती, तर दोन वर्षांचे, पाच वर्षांचे लसवाले कुत्रेही तसेच आडवे पडले असते. तुमच्या घरातच बघा ना. तोच विषाणू, तेच अंगण, तोच फरशीचा कोपरा, आणि चार वर्षांची कुत्री शिंकलीसुद्धा नाही.

आणखी एक. दवाखान्यात विष्ठेची जी पट्टीवरची टेस्ट करतात, ती फक्त पार्वो आहे की नाही सांगते. कुठला प्रकार हे कळायला पीसीआर आणि जनुकाचा क्रम वाचावा लागतो. ते न करता ‘नवा स्ट्रेन आहे’ असं कुणी सांगितलं तर तो अंदाज आहे. आणि स्ट्रेन कुठलाही असला तरी सलाईन तेच, औषधं तीच, फरशी पुसायची तीच.

बोगस लसीबद्दल. लस खराब होऊ शकते, आणि आपल्या हवामानात ती शक्यता मी हलकी मानत नाही. ही लस बारीक वाळलेल्या वडीसारखी कुपीच्या तळाशी असते आणि २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हाळ्यात मेडिकलमधून साध्या पिशवीत घरी आणलेली, वीज गेल्यावर आठ तास बंद फ्रिजमध्ये पडलेली, पाण्यात कालवून दुपारभर सिरिंजमध्ये ठेवलेली लस स्टिकर चिकटवण्यापुरतीच उरते. कालवली की तासाभरात टोचली पाहिजे. एक डोस दोन पिल्लांत वाटणं हाही असाच एक घातक प्रकार, छोटी जात म्हणून अर्धाच डोस देतात. जिवंत लसीला ठरावीक संख्येने विषाणू लागतात, त्यात पिल्लाचं वजन येत नाही. तुमच्या बाबतीत ब्रीडरने टोचलेल्या पहिल्या डोसबद्दल मी काहीच खात्री देऊ शकत नाही. पण तो डोस पुण्याहून बर्फात आला असता तरी पस्तिसाव्या दिवशी त्याचा उपयोग झाला नसता.

पस्तिसावा दिवस हाच मुळात चुकलेला दिवस आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलचे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण महिन्याचं पिल्लू गोंडस दिसतं आणि पाचव्या आठवड्यापासून त्याचं खाणं वाढतं. शिवाय पहिली लस ‘झालेली’ असली की भाव चढतो. काही वेळा वयही वाढवून सांगतात. मी तोंड उघडून बघतो. दीड महिन्याचं म्हणून आणलेल्या पिल्लाच्या दुधाच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर ते दीड महिन्याचं नाही. वय चुकलं की पुढच्या सगळ्या तारखा चुकतात. बारावा आठवडा म्हणून टोचलेला डोस खरं तर दहाव्यात पडतो.

फार थोड्या पिल्लांमध्ये शरीरच पार्वोच्या लसीला उत्तर देत नाही. हजारात एखादं असं असेल. रॉटवायलर आणि डोबरमन या जातींत पार्वो जास्त वाईट रूप घेतो, हे आम्ही सगळेच बघत आलोय. तुमच्या पिल्लाच्या तारखा इतक्या बोलक्या आहेत की त्या दुर्मीळ कारणाकडे जायची मला गरज वाटत नाही.

लस टोचल्यावर दोन-तीन दिवसांत पिल्लू आजारी पडलं, म्हणजे लसीनेच पार्वो झाला, असंही लोक म्हणतात. तुमचा तसा प्रसंग नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो: लागण आधीच झालेली असते, लस उशिरा पोचते. ब्रीडरकडून, दुकानातून, गाडीतून येताना विषाणू घेऊनच ते पिल्लू दवाखान्यात आलेलं असतं. एवढं खरं की जिवंत लसीनंतर काही दिवस पट्टीची टेस्ट अधूनमधून पुसटशी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून लस कधी झाली हे डॉक्टरांना सांगा. उलट, आजाराच्या पहिल्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह येऊनही पार्वो असू शकतो.

तुम्ही विचारलंय की आम्ही दुसरं काही करायला हवं होतं का. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी दवाखान्यात गेलात, रोज सलाईन लावलं. उपचाराशिवाय पार्वोची बहुतेक पिल्लं जातात. नीट भरती करून शिरेतून सलाईन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक दिलं तर दहातली आठ-नऊ वाचतात. तुमचं त्या एक-दोघांत गेलं, याचा दोष तुमच्या धावपळीत शोधू नका. हा विषाणू आतड्याच्या अस्तराची नव्याने वाढणारी पेशी मारतो आणि त्याच वेळी हाडांच्या मगजातली पांढऱ्या पेशींची पैदास थांबवतो. आतड्याची भिंत उघडी पडते, तिथले जंतू रक्तात शिरतात आणि लढायला सैनिक नसतात. पोटात अंकुशकृमी असतील तर रक्त आणखी झपाट्याने जातं. आपल्याकडच्या पिल्लांत ते असतातच, म्हणून जंताचं औषध लसीइतकंच वेळेवर हवं.

दुसऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो. पिल्लू एक वेळ जेवलं नाही, कोपऱ्यात मान टाकून बसलं आणि दोन उलट्या झाल्या तर ओव्याचं पाणी, हळद, दही असं काही करत रात्र घालवू नका. रक्त दिसेपर्यंत थांबलात तर एक मोलाचा दिवस गेलेला असतो. आणि ‘पोटाला विश्रांती’ म्हणून तीन-तीन दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. उलटी आवरली की थोडं थोडं मऊ अन्न लवकर सुरू केलेली पिल्लं लवकर सावरतात.

नवीन पिल्लाचं बघू. हा विषाणू अंगावर चरबीचं वेष्टण नसलेला, चिवट. सावलीत, ओलाव्यात, फरशीच्या फटीत, कुंडीच्या मातीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो, वर्षभरही. फिनाईलने तो मरत नाही. डेटॉलने मरत नाही. त्याला मारतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आधी फरशी साबणाने घासून घाण पूर्ण काढा, कारण घाणीवर ब्लीच वाया जातं. मग घरगुती ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी घालून फरशी ओली करा आणि किमान दहा मिनिटं ओलीच राहू द्या. बाटली नवी घ्या, उन्हात पडून राहिलेल्या जुन्या ब्लीचमध्ये जोर नसतो. संडास धुण्याचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. पिल्लाचं अंथरूण, दोरी, लाकडी खेळणी, प्लास्टिकची चरे पडलेली वाटी फेकून द्या. स्टीलची वाटी ब्लीचमध्ये बुडवून ठेवली तर वापरता येईल. अंगणातल्या मातीला ब्लीचने फारसं काही होत नाही. तिथे ऊन हाच उपाय, म्हणून झाडांच्या फांद्या छाटून जितकं ऊन येईल तितकं येऊ द्या, आणि नवं पिल्लू त्या कोपऱ्यात वर्षभर सोडू नका.

एवढं करूनही, दोन-तीन महिन्यांचं पिल्लू तुमच्या घरात या वर्षी आणू नका असंच मी म्हणेन. आणायचंच असेल तर सोळा आठवड्यांच्या पुढचं, शेवटचा डोस होऊन किमान दोन आठवडे झालेलं आणा. तुमच्या देशी कुत्रीसारखं एखादं मोठं, लस झालेलं रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेतलंत तर पार्वोची चिंता जवळजवळ उरणार नाही. लस नीट लागू पडलेल्या कुत्र्यांमध्ये पार्वोची प्रतिकारशक्ती सात वर्षं आणि त्याहून जास्त टिकल्याचं मोजून झालंय, म्हणून पहिल्या वर्षीचे डोस नीट झाल्यावर पार्वोची लस तीन वर्षांतून एकदा पुरते. लेप्टोस्पायरोसिसची दरवर्षी लागते, रेबीजचं वेळापत्रक वेगळं. ही सरमिसळ करू नका.

खात्रीच करायची असेल तर शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी रक्ताची टायटर टेस्ट करून घ्या. सोळा आठवड्यांना डोस आणि वीस आठवड्यांना रक्तात अँटीबॉडी दिसल्या, तर त्या आईच्या असू शकत नाहीत, त्या पिल्लाच्या स्वतःच्या. मित्राच्या पिल्लाचीही ही टेस्ट करता येईल.

सोळा आठवडे घरात कोंडून ठेवायचं का, हा प्रश्न यानंतर येतोच. नाही. तीन ते चौदा आठवडे हे पिल्लाचं माणसांशी, आवाजांशी, गाड्यांशी ओळख होण्याचं वय आहे. ते वाया गेलं तर पुढे भित्रा, चावरा कुत्रा होतो. कडेवर घेऊन बाजार दाखवा, स्कूटरवर फिरवा, लस झालेल्या निरोगी कुत्र्याच्या घरी न्या. फक्त रस्त्याच्या कडेला, बागेत, सोसायटीच्या कोपऱ्यात, जिथे अनोळखी कुत्री बसतात-हगतात तिथे पाय टेकवू देऊ नका. आणि दवाखान्यात रांगेत बसताना पिल्लू मांडीवरच ठेवा, फरशीवर नाही. माझ्याही दवाखान्यात.

नवं पिल्लू येईल त्या दिवशी त्याची खरी जन्मतारीख विचारून कार्डाच्या पहिल्या पानावर लिहा. तिच्यात ११२ दिवस मिळवा आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणवा, १८२ दिवस मिळवून दुसरी. पार्वोचा एक डोस पहिल्या खुणेच्या दिवशी किंवा त्यानंतर पडला पाहिजे, एक दिवसही आधी नाही. दुसरा दुसऱ्या खुणेला.